रीचिंग होमचं फंडिंग आमच्यासारख्या छोट्या ग्रुपला मिळतं का? माणूस बेघर होण्याआधीच्या कामासाठी विचारतेय

पिंपळपान:

नमस्कार सगळ्यांना, जरा लांबलचक आहे पण शेवटपर्यंत वाचा प्लीज. कॅनडात ओंटारियोतल्या एका मध्यम आकाराच्या शहरात आमचा मराठी, गुजराती, पंजाबी अशा शेजाऱ्यापाजाऱ्यांचा मिळून एक ग्रुप आहे. सुरुवातीला आम्ही नवीन आलेल्यांना फॉर्म भरून देणं, वयस्कर मंडळींना डॉक्टरकडे नेणं-आणणं एवढंच करायचो, पण अलीकडे येणारे फोनच वेगळे असतात. कुणाला बेसमेंट महिनाअखेर रिकामं करायला सांगितलंय, कुणाची नोकरी गेली आणि दोन महिन्यांचं भाडं थकलंय, कुणा आजोबांचं मुलाशी पटेना म्हणून ते एका ओळखीच्यांच्या सोफ्यावर झोपतायत आणि आता त्या घरच्यांनाही अवघडल्यासारखं झालंय. यातलं कुणीच रस्त्यावर नाहीये, त्यामुळे बेघर म्हटलं की जे डोळ्यासमोर येतं त्यात हे लोक बसतच नाहीत, पण उद्याचा भरवसा यांच्यापैकी कुणालाच नाही.

आतापर्यंत आपापसात वर्गणी काढून भागवलं, ते आता जमेनासं झालंय. कुणीतरी सांगितलं की फेडरल सरकारचा बेघरपण कमी करण्यासाठी रीचिंग होम नावाचा कार्यक्रम आहे आणि तो पैसा म्हणे स्थानिक लोकांनीच चालवलेल्या कामांना मिळतो. मग अर्ज ओटावाला करायचा की अजून कुठे? आमचं रजिस्ट्रेशन नाहीये, त्याने अडेल का? आणि थकलेलं भाडं भरायला हा पैसा वापरता येतो का, की नुसते पगार आणि ऑफिस?

अजून एक, आमच्यातल्या काहींचं म्हणणं आहे की एक हॉल मिळतोय तर आपणच छोटं शेल्टर सुरू करूया. माझं मन होत नाहीये पण का ते नीट सांगताही येत नाहीये. ज्यांनी हे काम केलंय त्यांनी मोकळेपणाने लिहा.

फाईलवाला:

मी बरीच वर्षं एका संस्थेत प्रपोजल आणि रिपोर्ट लिहिण्याचं काम केलंय म्हणून कागदोपत्री बाजू सांगतो, प्रत्यक्ष कामाचं दुसरे सांगतील.

ओटावाला अर्ज जात नाही, ही पहिली गोष्ट डोक्यात पक्की करा. फेडरल सरकार प्रत्येक भागात एका संस्थेशी करार करतं, तिला कम्युनिटी एंटिटी म्हणतात. ती कुठे महानगरपालिका किंवा रीजन असते, कुठे बिगरसरकारी संस्था असते, म्हणजे टोरोंटोत सिटी स्वतःच आहे तर कॅलगरीत कॅलगरी होमलेस फाउंडेशन. पैसा या एंटिटीकडे येतो, ती कॉल फॉर प्रपोजल्स काढते आणि तुमच्यासारख्यांनी तिथे अर्ज करायचा. शिवाय तिच्या जोडीला एक कम्युनिटी अ‍ॅडव्हायजरी बोर्ड असतं, त्यात स्थानिक संस्था, आरोग्यवाले, स्वतः बेघरपण भोगलेले लोक असतात. शहराचा कम्युनिटी प्लॅन ठरवण्यात आणि कुठल्या प्रोजेक्टला पैसे द्यावेत याची शिफारस करण्यात या बोर्डाचा हात असतो. स्थानिक लोकांच्या हातातला कार्यक्रम म्हणतात तो याच टेबलामुळे, त्यामुळे अर्जाच्या आधी तो प्लॅन मिळवून वाचा आणि बोर्डावर कोण कोण आहे ते शोधा. प्लॅनमध्ये ज्याचा उल्लेखच नाही असं काम कितीही चांगलं असलं तरी त्याला पैसे मिळणं अवघड जातं.

ही पद्धत नवी नाही. १९९९ मध्ये नॅशनल होमलेसनेस इनिशिएटिव्ह आलं तेव्हापासून पैसा स्थानिक आराखड्यानुसार वाटायचा हेच तत्त्व आहे, २००७ पासून त्याचं होमलेसनेस पार्टनरिंग स्ट्रॅटेजी झालं आणि १ एप्रिल २०१९ पासून रीचिंग होम. सुरुवातीला दहा वर्षांसाठी साधारण २.२ अब्ज डॉलर ठेवले होते, नंतर भर पडत गेली, २०२४ च्या बजेटमध्ये चार वर्षांसाठी अजून १ अब्ज आले. चार वाटा आहेत: ठरवून दिलेली शहरं, ग्रामीण आणि दुर्गम भाग, इंडिजिनस म्हणजे मूळनिवासी लोकांसाठी वेगळी आणि उत्तरेकडच्या टेरिटरीजसाठी वेगळी. इंडिजिनस वाट वेगळी का, तर लोकसंख्येत ते ५ टक्के आहेत आणि बेघरांच्या मोजणीत एक तृतीयांशाच्या आसपास. तुमचं शहर ठरवून दिलेल्या यादीत आहे की ग्रामीण वाटेत येतं ते आधी बघा, कारण एंटिटी त्यानुसार बदलते.

थकलेल्या भाड्याबद्दल, हो, बसतं. प्रिव्हेन्शन आणि शेल्टर डायव्हर्जन, म्हणजे माणसाला बेघर होण्यापासून आणि शेल्टरमध्ये जाण्यापासून वाचवणं, असा खर्चाचा वेगळा प्रकारच आहे, त्यात थकलेलं भाडं, वीजबिल, लँडलॉर्डशी मध्यस्थी, हॉस्पिटल किंवा तुरुंगातून सुटणाऱ्या माणसाची राहायची सोय आधीच लावून ठेवणं असं सगळं येतं. पण तुमची एंटिटी या प्रकारात किती घालते ते शहरागणिक वेगळं असतं.

रजिस्ट्रेशन नसताना स्वतंत्र अर्ज करू नका असं माझं स्पष्ट मत. मिळाला तरी तुम्हाला झेपणार नाही. दर तिमाहीला क्लेम, प्रत्येक खर्चाची पावती, कोण माणूस किती तास कुठल्या कामावर होता त्याची टाइमशीट, तीच पावती दुसऱ्या फंडरला दाखवलेली नाही याची खात्री. आणि आर्थिक वर्ष मार्चअखेर संपतं त्यामुळे करार उशिरा झाला तर वर्षभराचं काम काही महिन्यांत उरकायची वेळ येते आणि त्या घाईत छोट्या संस्थेतली चांगली माणसं दमून सोडून जातात. एखादी जुनी संस्था शोधा, तिच्या अर्जात भागीदार म्हणून शिरा, हिशेब तिने सांभाळायचा आणि माणसांपर्यंत पोचायचं काम तुम्ही करायचं. कोणी काय करायचं आणि तुमच्या वाट्याला किती पैसे ते मात्र लेखी घ्या.

रात्रपाळी:

ताई, शेल्टर काढू नका. तुमचं मन होत नाहीये ते अगदी बरोबर आहे.

मी हाऊसिंग वर्कर आहे, आधी शेल्टरमध्येच रात्रपाळी करायचो. शेल्टर म्हणजे फायर इन्स्पेक्शन, इन्शुरन्स, चोवीस तास ट्रेन्ड स्टाफ, कुणी ओव्हरडोस झालं तर काय, भांडण झालं तर काय, आणि एवढं करून माणूस सकाळी उठतो तेव्हा बेघरच असतो. ज्या शहरात एकही बेड नाही तिथे गोष्ट वेगळी. पण तुमच्याकडे जी गोष्ट आहे ती आमच्याकडे अजिबात नाहीये, तुम्हाला फोन आधी येतो. आमच्यापर्यंत माणूस येतो तेव्हा घर गेलेलं असतं, सामान गेलेलं असतं, बऱ्याचदा कागदपत्रंही.

एका आजींकडे गेलो होतो, एका कम्युनिटी ग्रुपनेच पाठवलं होतं. नोटीस कुठेय विचारलं तर आधी नाहीच म्हणाल्या. मग हळूच उठून गोळ्यांचा डबा आणला, त्यात तळाशी घडी घालून ठेवलेली, मुलाला दिसू नये म्हणून. एन-४ होती, म्हणजे भाडं थकल्याची, आणि तारीख बघितली तर निम्म्याहून जास्त दिवस गेलेले. त्यांनी बॅग भरायला घेतली होती कारण त्यांना वाटलं नोटिशीतली मुदत संपली की बाहेर पडायचंच असतं. हे कितीतरी लोकांना वाटतं आणि त्यापायी लोक उगाच घर सोडून जातात!! ओंटारियोत एन-४ आल्यावर नोटिशीत दिलेल्या मुदतीत थकलेलं भाडं भरलं तर नोटीस रद्द होते. नाही भरलं तरी लँडलॉर्डला लँडलॉर्ड अँड टेनंट बोर्डाकडे अर्ज करावा लागतो, हिअरिंग होतं, ऑर्डर निघते, आणि ऑर्डर निघाल्यावरसुद्धा बाहेर काढायचा अधिकार फक्त शेरीफचा, लँडलॉर्ड स्वतः कुलूप बदलू शकत नाही. आजींसाठी आम्ही रेंट बँकेचा, म्हणजे थकलेल्या भाड्यासाठी मदत देणाऱ्या योजनेचा, अर्ज त्याच दिवशी त्यांच्या किचन टेबलवर बसून भरला, लँडलॉर्डला फोन करून पैसे कधी येतील ते सांगितलं, झालं. घर राहिलं. पैसा फार लागला नाही, पण ती घडी वेळेत उघडणारं कुणीतरी लागलं, आणि माझ्यासमोर ती उघडली कारण ज्या बाई मला घेऊन गेल्या त्यांच्यावर आजींचा विश्वास होता. माझ्या ओळखपत्रावर नव्हता.

एक महत्त्वाचं, तुम्ही बेसमेंट म्हणालात म्हणून. भाडेकरू मालकाबरोबर किचन किंवा बाथरूम शेअर करत असेल तर हा टेनंटचा कायदा बहुतेक वेळा लागूच होत नाही. वेगळं किचन, वेगळं बाथरूम असेल तर लागू होतो. आपल्या लोकांत एकेक खोली घेऊन राहणारे भरपूर, त्यामुळे फोन आला की पहिला प्रश्न हाच विचारत जा, पुढची सगळी दिशा त्यावर ठरते. लीगल क्लिनिकचा नंबर जवळ ठेवा, फुकट सल्ला देतात.

डॉन_व्हॅलीकर:

वरचं सगळं पटलं, पण एक बाजू राहिली. एवढा पैसा जातोय तर परिणाम कुठेय?

सरकारने स्वतःच उद्दिष्ट ठेवलंय की २०२७-२८ पर्यंत क्रॉनिक बेघरपण निम्म्याने कमी करायचं. क्रॉनिक म्हणजे गेल्या वर्षात किमान १८० दिवस किंवा तीन वर्षांत मिळून ५४६ दिवस घराविना. नोव्हेंबर २०२२ मध्ये ऑडिटर जनरल कॅरन होगन यांचा रिपोर्ट आला, त्यात स्पष्ट म्हटलंय की खर्चामुळे बेघरपण कमी झालं की वाढलं हे संबंधित खात्यालाच माहीत नाही. २०२४ मध्ये पार्लमेंटरी बजेट ऑफिसरने हिशेब मांडला की हे उद्दिष्ट गाठायचं तर वर्षाला अजून साडेतीन अब्ज डॉलर लागतील, म्हणजे तेव्हाच्या सरासरी खर्चाच्या सातपट वगैरे. तंबू तर आपल्या सगळ्यांना दिसतायत.

आणि उपाय माहीत नाही असंही नाहीये, ह्याचा मला जास्त त्रास होतो. २००९ ते २०१३ मध्ये अ‍ॅट होम / शे स्वा नावाचा प्रयोग झाला, व्हँकुव्हर, विनिपेग, टोरोंटो, मॉन्ट्रियल, माँक्टन, दोन हजारांच्या वर लोक, फेडरल सरकारचे ११० मिलियन. आधी घर द्या, व्यसन सोडायची वगैरे अट घालू नका, मग लागेल ती मदत करा. ज्यांना असं घर मिळालं त्यांचा ७३ टक्के वेळ पक्क्या घरात गेला, नेहमीच्या पद्धतीत ३२ टक्के. ज्यांच्यावर हॉस्पिटल, पोलीस, शेल्टर मिळून सगळ्यात जास्त खर्च होत होता त्या वरच्या १० टक्के लोकांच्या बाबतीत तर घातलेल्या दर १० डॉलरमागे २१.७२ डॉलर वाचले. एवढा पुरावा हातात असताना आपण अजून प्रोजेक्ट प्रोजेक्ट खेळतोय, लहान लहान संस्थांना वर्षा-दोन वर्षांचे करार देतोय. घरं बांधा, भाडं परवडेल असं करा. सोफ्यावरचे आजोबा हे एखाद्या ग्रुपने सोडवायचं गणित नाहीये, राग तुमच्यावर नाही ताई, पण हे म्हणायलाच हवं.

फाईलवाला:

@डॉन_व्हॅलीकर राग समजतो आणि घरांचा मुद्दा शंभर टक्के मान्य. पण दोन्ही एकमेकांच्या विरोधात नाहीयेत. मेडिसिन हॅट बघा ना, साठ-पासष्ट हजार वस्तीचं अल्बर्टातलं शहर, २०२१ मध्ये तिथे क्रॉनिक बेघरपण फंक्शनल झिरोला आलं, म्हणजे क्रॉनिक बेघर लोकांची संख्या सलग तीन महिने तीन किंवा त्याहून कमी. ते एका दिवसात घरं बांधून झालं नाही, शहरातल्या सगळ्या संस्थांनी एकच बाय-नेम लिस्ट ठेवली म्हणून झालं, प्रत्येक माणूस नावानिशी माहीत, कुणाला काय हवंय ते माहीत, घर रिकामं झालं की पुढे कोण ते ठरलेलं. ते तसंच टिकवणं अवघड असतं हे खरं, पण तोच फेडरल पैसा आणि स्थानिक माणसं होती.

ऑडिटर जनरलचा मुद्दा मात्र तुमच्या कामाशी थेट जोडलेला आहे पिंपळपान ताई. रीचिंग होममध्ये शहरांना पाच गोष्टी मोजायच्या असतात: एकूण बेघर, नव्याने बेघर झालेले, पुन्हा परत आलेले, इंडिजिनस आणि क्रॉनिक. तुम्ही बसता दुसऱ्या नंबरवर. अर्जात गरीब, गरजू, समाजसेवा असली भाषा लिहिण्यापेक्षा हे लिहा की आमच्यामुळे नव्याने बेघर होणारे कसे आणि कुठल्या भागात कमी होतील, आणि तीन आणि सहा महिन्यांनी आम्ही परत फोन करून घर टिकलंय का ते कसं बघणार. हा फॉलोअप फोन लिहिणारे फार थोडे असतात.

आणि दुसरा नळ विसरू नका, प्रॉव्हिन्सचा. ओंटारियोचं होमलेसनेस प्रिव्हेन्शन प्रोग्रॅम एप्रिल २०२२ पासून आहे, तो ४७ सर्व्हिस मॅनेजरांमार्फत, म्हणजे घरं आणि समाजसेवा सांभाळणाऱ्या स्थानिक प्रशासनांमार्फत चालतो, आणि बऱ्याच ठिकाणी सर्व्हिस मॅनेजर आणि रीचिंग होमची एंटिटी एकच रीजन असते. म्हणजे एकाच ऑफिसात दोन्हीची चौकशी होते. माणसाला तातडीची भाड्याची मदत बहुतेक वेळा तिथूनच मिळते, तुमच्या ग्रुपच्या खात्यात पैसे यायची गरजच पडत नाही.

पिंपळपान:

खूप खूप धन्यवाद सगळ्यांचे, रात्री ग्रुपमध्ये सगळं वाचून दाखवलं. शेल्टरचा विषय तूर्तास बाजूला ठेवलाय, एक-दोघे नाराज आहेत पण ऐकतायत. डॉन_व्हॅलीकर दादा, तुमचं मनाला लागलं, चांगल्या अर्थाने. घरं हवीतच, पण ती होईपर्यंत हे फोन येतच राहणार ना, ते उचलायचे कसे एवढंच मला कळत होतं.

एक शंका राहिली. आमच्याकडे येणारे बहुतेक लोक आपलं नाव कुठल्या सरकारी यादीत घालायला घाबरतात. घरची अब्रू, मुलांना काय वाटेल, इमिग्रेशनवर परिणाम होईल का, असं सगळं. ती बाय-नेम लिस्ट, कॉम्प्युटरवरचं रजिस्टर, हे त्यांना सांगायचं कसं? आणि आम्ही यादीत न घालता मदत केली तर फंडिंगच्या दृष्टीने ते काम झालंच नाही असं होतं का?

उंबरठा:

या प्रश्नाला मी उत्तर देते कारण मी त्या यादीत होते. मुलीला घेऊन घर सोडलं तेव्हा आधी मैत्रिणीकडे, मग शेल्टरमध्ये राहिले, आणि आता आमच्या शहराच्या अ‍ॅडव्हायजरी बोर्डावर बेघरपण अनुभवलेल्यांच्या जागेवर बसते.

यादी संमतीशिवाय होत नाही. आधी कागद समोर ठेवून विचारतात की तुमची माहिती कोणकोणत्या संस्थांना दिसेल, आणि नाही म्हणता येतं. माझ्या वेळी जी मुलगी इनटेक, म्हणजे सुरुवातीची नोंदणी, करत होती ती घाईत होती, मागच्या तीन वर्षांत कुठल्या महिन्यात कुठे झोपलात असं विचारत गेली आणि मला काही आठवेना, रडूच आलं. दुसऱ्यांदा एक वयस्कर बाई होत्या, त्यांनी पेन खाली ठेवलं, म्हणाल्या महिने राहू देत, मुलगी कितवीत होती तेव्हा कुठे होतात ते सांगा. मग सगळं धडाधड आठवलं. हे प्रश्न त्यांना विचारावेच लागतात, कारण १८० दिवस, ५४६ दिवस हे त्यावरूनच ठरतं आणि घराच्या रांगेतला नंबरही काही प्रमाणात त्यावर अवलंबून असतो. पण कोण विचारतंय आणि कसं, याने जमीन-अस्मानाचा फरक पडतो, आणि तुमच्या ग्रुपचं खरं काम मला इथे दिसतं. त्या खोलीत शेजारी बसायला आपल्या भाषेतलं माणूस हवं. सोफ्यावरच्या आजोबांना आधी हे कळायला हवं की सोफ्यावर झोपणं हेसुद्धा बेघरपणच धरतात आणि मदत मागायला रस्त्यावर यायची वाट बघावी लागत नाही.

ज्यांचं घर अजून गेलेलं नाही, नुसती नोटीस आलीय, त्यांना बाय-नेम लिस्टमध्ये घालायचा प्रश्नच नसतो, ती लिस्ट बेघर झालेल्यांची. त्यांची नोंद संस्थेच्या प्रिव्हेन्शनच्या कामात होते, रिपोर्टमध्ये जातात ते आकडे, नावं नाहीत. भागीदार संस्थेशी बोलताना हा प्रश्न पहिल्याच मीटिंगला विचारा की तुम्ही कुठली माहिती कुणाला देता, आणि उत्तर तुमच्या भाषांमध्ये लिहून घेऊन एका पानावर छापा. इमिग्रेशनबद्दल तुम्ही स्वतः कुणाला शब्द देऊ नका, ते लीगल क्लिनिकला विचारून सांगा, एक चुकीचा शब्द गेला की त्या घरातलं परत कुणी फोन करणार नाही.

आणि भागीदारीत तुमच्या माणसांच्या वेळेचे पैसे मागा. आमच्या बोर्डावर हा वाद मी दोनदा घातलाय. भाषांतर, सोबत जाणं, रात्रीचे फोन हे सगळं स्वयंसेवा म्हणून गृहीत धरतात आणि बजेटमध्ये मॅनेजरचा पगार तेवढा दिसतो. इंटरप्रिटेशनची लाईन, प्रवासखर्चाची लाईन, निदान एका अर्धवेळ माणसाचा पगार, अर्जातच लिहायला लावा. नंतर कुणी देत नाही.

तुमच्या शहराच्या बोर्डाच्या मीटिंगा कधी असतात आणि पाहुणे म्हणून बसू देतात का ते एंटिटीच्या ऑफिसला ईमेल करून विचारा, आमच्याकडे तरी बसू देतात. जाताना नावं नका नेऊ, पण गेल्या वर्षभरात आलेले फोन कशाबद्दल होते ते एका कागदावर लिहून न्या, नोटीस किती, कुटुंबातून बाहेर पडावं लागलेले किती, मालकाबरोबर किचन शेअर करणारे किती. आमच्या बोर्डासमोर तरी असा कागद कुणी आणलेला मला आठवत नाही.

रात्रपाळी:

वरच्या कागदात अजून एक रकाना घाला, फोन आला तेव्हा नोटिशीचे किती दिवस उरले होते. आम्हाला तेच हवं असतं.